असितकुमार हलदार : अजिंठ्याची शिदोरी लखनौला नेणारा चित्रगुरू

अलाहाबादच्या, म्हणजे आजच्या प्रयागराजच्या संग्रहालयात १९३८ साली एका चित्रकाराच्या नावे ‘हलदार दालन’ उघडण्यात आले. प्राचीन मूर्ती घडविणाऱ्यांची नावे बहुधा काळाच्या उदरात लुप्त झालेली असतात. येथे मात्र एका हयात कलावंताची अनेक चित्रे एकत्र पाहण्याची सोय झाली. तो कलावंत तेव्हा पन्नाशीलाही पोहोचला नव्हता आणि लखनौच्या सरकारी कलाशाळेत प्राचार्यपद सांभाळीत होता. असितकुमार हलदार हे त्याचे नाव. त्यांच्या कलेची वाट मात्र आपल्या महाराष्ट्रातील अजिंठ्याच्या लेण्यांतून गेली होती.

१० सप्टेंबर १८९० रोजी कोलकात्यातील जोडासाँको येथे असितकुमारांचा जन्म झाला. नात्याने ते रवींद्रनाथ ठाकुरांच्या बहिणीचे नातू. कोवळ्या वयातच ते कोलकात्याच्या सरकारी कलाशाळेत दाखल झाले आणि अवनींद्रनाथ ठाकुरांचे शिष्यत्व त्यांना लाभले. पाश्चात्त्य चित्रांची नक्कल न करता स्वदेशाच्या परंपरेतून नवी चित्रकला उभी करावी, हा अवनींद्रनाथांचा ध्यास होता. पण ती परंपरा प्रत्यक्ष पाहावी कोठे?

त्याचे उत्तर अजिंठ्याने दिले. तेथील भित्तिचित्रे झपाट्याने नष्ट होत होती. इतकेच नव्हे, तर रॉबर्ट गिल यांनी अनेक वर्षे खपून केलेल्या अनुकृतींपैकी बहुतेक १८६६ साली लंडनच्या आगीत जळाल्या होत्या. पुढे मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी नव्याने केलेल्या अनुकृतींपैकीही कित्येक १८८५ च्या आगीत भस्मसात झाल्या. अशा वेळी लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने पुन्हा हे काम हाती घेतले. १९०९ ते १९११ या काळात फर्दापूरजवळ तळ पडला आणि नंदलाल बोस प्रभृती तरुणांसह असितकुमारही तेथे गेले. वय अवघे एकोणीस. अंधाऱ्या लेण्यांत, उडत चाललेल्या रंगांपुढे बसून दुसऱ्याची रेषा हुबेहूब उतरविणे, हीच त्यांची खरी पाठशाळा ठरली. अजिंठ्यावर त्यांनी बंगालीत पुस्तकही लिहिले.

तेथून लेण्यांशी जडलेले नाते तुटले नाही. १९१४ मध्ये सरगुजा संस्थानातील जोगीमारा गुहा आणि १९२१ मध्ये शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानातील बाघ लेणी येथील चित्रांच्या अनुकृतींचे काम त्यांनी केले. दरम्यान शांतिनिकेतनात ते अध्यापन करीत होते. १९१९ साली स्थापन झालेल्या कलाभवनाची आरंभीची धुरा त्यांनीच वाहिली. १९२३ मध्ये युरोपचा प्रवास, त्यानंतर जयपूरच्या कलाशाळेतील अल्पकाळाची सेवा आणि १९२५ मध्ये लखनौ, असा त्यांचा पुढील क्रम आहे.

सरकारी कलाशाळांच्या प्रमुखपदी तेव्हा बहुधा इंग्रज असत. या पदावर नेमले गेलेले असितकुमार हे पहिले भारतीय मानले जातात. लखनौची ही शाळा १९११ साली हस्तव्यवसायांच्या आराखड्यांचे शिक्षण देण्यासाठी निघाली होती. असितकुमारांनी कारागिरीला दूर न सारता तिच्या जोडीला चित्रकलेची प्रतिष्ठा वाढविली. लाकडावर लाखेच्या साहाय्याने चित्रे रंगविण्याची एक पद्धती त्यांनी स्वतः विकसित केली. वीरेश्वर सेन, ललितमोहन सेन यांच्यासारखे सहकारी त्यांना लाभले. याच सुमारास, १९२६ साली, पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून लखनौत संगीत महाविद्यालय उभे राहिले. नबाबी वैभव ओसरलेल्या त्या नगरीत सूर आणि रंग या दोहोंनाही अशा प्रकारे नवी शाळा मिळाली.

वीस वर्षे प्राचार्यपद सांभाळणे म्हणजे चित्रकाराने आपल्या दिवसांचा मोठा वाटा इतरांच्या स्वाधीन करणे होय. तरीही त्यांची कुंचली थांबली नाही. बुद्धचरित्रावर बत्तीस आणि भारतीय इतिहासावर तीस चित्रे त्यांनी रंगविली. कालिदासाचे ‘मेघदूत’ व ‘ऋतुसंहार’ बंगालीत आणले. १९३४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यांना फेलो म्हणून गौरविले. १९४५ साली ते निवृत्त झाले, तेव्हा शाळेची सूत्रे ललितमोहन सेन यांच्याकडे आली. ते याच शाळेचे माजी विद्यार्थी होते.

१३ फेब्रुवारी १९६४ रोजी असितकुमारांचे निधन झाले. नंदलाल बोस यांच्याइतके त्यांचे नाव आज लोकांच्या ओठी नाही. परंतु अजिंठ्याच्या अनाम चित्रकारांपुढे विद्यार्थी होऊन बसलेल्या या तरुणाने तेथे जे मिळविले, ते स्वतःपुरते राखले नाही. वीस वर्षे लखनौच्या विद्यार्थ्यांच्या ओंजळीत घातले. संग्रहालयातील दालन त्यांच्या चित्रांचे स्मारक आहे. शिक्षक असितकुमारांचे स्मारक मात्र त्यांच्या हाताखाली घडलेल्या पिढ्यांमध्येच शोधावे लागते.