स्वतःलाच इंजेक्शन टोचून म्हातारपण पळवायला निघालेला डॉक्टर, आणि आजच्या टेस्टोस्टेरॉनच्या सुईची गोष्ट

तारीख १ जून १८८९. पॅरिसमध्ये जीवशास्त्राच्या अभ्यासकांची बैठक भरली होती. ७२ वर्षांचे एक नामांकित प्राध्यापक बोलायला उभे राहिले आणि जे सांगितलं, ते ऐकून सभागृहातले लोक गारच पडले.

त्यांनी कुत्र्यांची आणि गिनीपिगची वृषणं काढली, ती थोड्या पाण्यात कुटली, गाळली आणि तो रस स्वतःच्या कातडीखाली टोचून घेतला. त्यानंतर त्यांची गेलेली ताकद परत आली, असा त्यांचा दावा होता.

हा कुणी गल्लीबोळातला वैदू नव्हता. फ्रान्समधल्या सगळ्यात मानाच्या कॉलेज द फ्रान्समध्ये ते शिकवत होते. नाव शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार. आपल्याकडचे मेडिकलचे विद्यार्थी त्यांना ब्राउन-सेक्वार्ड म्हणून ओळखतात.

आज टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं, जेल, टी लेव्हल वाढवायचे सल्ले मोबाईल उघडला की समोर येतात. या सगळ्याचं मूळ या माणसापर्यंत जातं. आणि ही औषधं घेताना काय सांभाळायचं, याचा पहिला धडाही त्यांच्याच आयुष्यात सापडतो.

मॉरिशसच्या बंदरातला पोरका मुलगा

ब्राउन-सेकार यांचा जन्म ८ एप्रिल १८१७ रोजी मॉरिशसमधल्या पोर्ट लुईस इथं झाला. वडील अमेरिकन जहाजाचे कप्तान, आई फ्रेंच वंशाची. मुलगा जन्माला यायच्या आधीच वडील जहाजासकट समुद्रात बेपत्ता झाले. आईनं शिवणकाम करून मुलाला वाढवलं. ब्राउन हे वडिलांचं आडनाव आणि सेकार हे आईचं, दोन्ही त्यांनी पुढे जोडून लावली.

ते सतरा वर्षांचे असताना, १८३४ मध्ये, याच पोर्ट लुईस बंदरात भारतातून गिरमिटिया मजुरांची जहाजं यायला लागली. उसाच्या मळ्यात राबायला आलेल्या या लोकांमध्ये पुढे कोकणातली आणि घाटावरची मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये गणेशोत्सव साजरा करतात. म्हणजे हा डॉक्टर आपल्याला वाटतो तितका लांबचा नाही.

दुकानात कारकुनी करत वाढलेल्या या पोराला खरं तर लेखक व्हायचं होतं. १८३८ मध्ये आईला घेऊन त्यानं पॅरिस गाठलं. तिथल्या एका मोठ्या साहित्यिकानं त्याचं लेखन वाचून दुसरा धंदा बघायचा सल्ला दिला. मग तो वैद्यकाकडे वळला. शिकत असतानाच आई गेली. हाल काढून १८४६ मध्ये तो डॉक्टर झाला.

मोठं काम, आणि स्वतःवरच प्रयोग करायची खोड

ब्राउन-सेकार यांचं सगळ्यात पक्कं काम मज्जारज्जूवरचं आहे. पाठीच्या कण्यातून जाणारी ही दोरी एका बाजूनं अर्धी कापली गेली तर काय होतं? त्याच बाजूची हालचाल जाते, पण वेदना आणि थंड-गरम कळणं मात्र दुसऱ्या बाजूचं जातं. म्हणजे वेदनेचा निरोप नेणारे तंतू मज्जारज्जूतच बाजू बदलतात. या स्थितीला आजही त्यांचंच नाव आहे.

१८५६ मध्ये त्यांनी दुसरी मोठी गोष्ट दाखवली. मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी काढून टाकल्या की प्राणी मरतात. या ग्रंथींमधून शरीराबाहेर येणारी नळी नाही, तरी त्यांच्यावाचून जगता येत नाही. ग्रंथी रक्तात काहीतरी सोडत असल्या पाहिजेत, हा विचार त्यांच्या डोक्यात पुढे आयुष्यभर राहिला.

पण या माणसाला एक विचित्र खोड होती. प्रयोगाला दुसरं कुणी मिळालं नाही की ते स्वतःचंच शरीर वापरायचे. जठरातला रस मिळवायला त्यांनी दोऱ्याला बांधलेला स्पंज गिळून परत ओढून काढला. असं इतक्या वेळा केलं की गिळलेलं अन्न परत तोंडात येण्याचा त्रास त्यांच्या मागे लागला. १८५४ मध्ये मॉरिशसला कॉलऱ्याची साथ आली तेव्हा ते रुग्णसेवेला तिथं होते. रोग कसा होतो आणि अफूनं थांबतो का, हे पाहायला त्यांनी कॉलऱ्याच्या रुग्णाची उलटी गिळली, वर अफूचा अर्क घेतला आणि मरता मरता वाचले. अमेरिकेत रिचमंड इथं शिकवत असताना कातडीचं काम काय, हे बघायला अंगभर वॉर्निश फासून घेतलं. विद्यार्थ्याला ते बेशुद्ध सापडले आणि घासून घासून वॉर्निश काढावं लागलं.

लंडनमध्ये पक्षाघात आणि अपस्माराच्या रुग्णांसाठी निघालेलं हॉस्पिटल, मग अमेरिकेतलं हार्वर्ड, मग पुन्हा फ्रान्स. एका जागी ते कधी फार टिकले नाहीत. १८७८ मध्ये क्लोद बर्नार यांच्यासारख्या दिग्गजाच्या जागी कॉलेज द फ्रान्समध्ये त्यांची नेमणूक झाली.

आणि मग ते इंजेक्शन

सत्तरी ओलांडल्यावर त्यांना थकवा जाणवायला लागला. प्रयोगशाळेत अर्धा तास उभं राहिलं की बसावं लागायचं. रात्री झोप नीट लागत नव्हती. वृषणांमधून रक्तात काहीतरी जातं आणि म्हातारपणी ते कमी पडतं, असा त्यांचा अंदाज. मग ते बाहेरून का देऊ नये? १५ मे १८८९ ला त्यांनी प्रयोग सुरू केला.

इंजेक्शनं हातात आणि पायात घेतली. टोचलेल्या जागी भयंकर ठणका लागायचा, सूज यायची. पण त्यांना उत्साह वाटायला लागला. तासन्‌तास उभं राहून काम होऊ लागलं, जिने पळत चढता येऊ लागले. हाताची ताकद यंत्रानं मोजली तर सहा-सात किलोनं वाढलेली. लघवीची धार किती लांब जाते, तेही त्यांनी मोजलं होतं. ती जवळजवळ पाव पटीनं वाढली होती. इंजेक्शनं थांबवल्यावर काही आठवड्यांत सगळं पहिल्यासारखं झालं.

बातमी फुटली आणि युरोप-अमेरिकेत गहजब झाला. डॉक्टरांच्या मासिकांनी टर उडवली, पण लोकांच्या रांगा लागल्या. अमेरिकेतल्या एका नावाजलेल्या बेसबॉल खेळाडूनं त्याच वर्षी हा रस टोचून घेतल्याचं वर्तमानपत्रात छापून आलं. खेळाडूनं ताकदीसाठी असलं औषध घेतल्याचं हे सुरुवातीचं उदाहरण. बाजारात नकली अर्कांचा सुळसुळाट झाला. ब्राउन-सेकार यांनी मात्र यातून पैसा केला नाही. ते अर्क तयार करून डॉक्टरांना फुकट पाठवायचे आणि बदल्यात रुग्णांचे अनुभव कळवायला सांगायचे.

एप्रिल १८९४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांचं निधन झालं. रसानं म्हातारपण थांबलं नव्हतं.

त्यांचं काय चुकलं आणि काय बरोबर होतं?

वृषणं टेस्टोस्टेरॉन तयार करतात, पण साठवून ठेवत नाहीत. तयार झालं की ते रक्तात निघून जातं. शिवाय ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणजे पाण्यात कुटून गाळलेल्या रसात हार्मोन नावालाच असणार. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी त्यांच्याच पद्धतीनं कुत्र्याच्या वृषणांचा अर्क काढून मोजला. त्यातलं टेस्टोस्टेरॉन परिणाम होण्याच्या मानानं फारच कमी निघालं.

मग ताकद कशी वाढली? मनाच्या अपेक्षेनं. आपण औषध घेतलं, आता बरं वाटणार, या विश्वासानं खरोखर बरं वाटतं. यालाच प्लासिबो परिणाम म्हणतात. आयुष्यभर मोजमाप करणारा शास्त्रज्ञही यातून सुटला नाही, कारण प्रयोग करणारा, औषध घेणारा आणि निकाल लावणारा एकच माणूस होता.

पण मूळ कल्पना बरोबर होती. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये थायरॉइडच्या अर्कानं खरोखर रुग्ण बरा झाला. १९३५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये बैलांच्या तब्बल १०० किलो वृषणांमधून जेमतेम १० मिलिग्रॅम शुद्ध टेस्टोस्टेरॉन हाती लागलं. त्याच वर्षी ब्युटेनांट आणि रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं आणि १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना जाहीर झालं. तिथून खरं औषध आलं. आणि खऱ्या औषधाबरोबर खरे दुष्परिणामही आले.

आज हे औषध चालू असेल तर काय सांभाळायचं?

आधी निदान पक्कं करा. थकवा कुणालाही येतो. अपुरी झोप, वाढलेलं वजन, मधुमेह, नैराश्य यांनीही येतो. म्हणून लक्षणं असतील आणि सकाळी घेतलेल्या दोन वेगवेगळ्या दिवसांच्या रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन कमी असेल, तरच हे उपचार सुरू करतात. ब्राउन-सेकार यांच्याकडे ही तपासणी नव्हती. आपल्याकडे आहे.

रक्त घट्ट होणं. हा सगळ्यात जास्त दिसणारा आणि पटकन लक्षात न येणारा दुष्परिणाम. टेस्टोस्टेरॉननं तांबड्या पेशी वाढतात. रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट नावाचा आकडा असतो. तो ५४ टक्क्यांच्या वर गेला तर डॉक्टर औषध थांबवतात किंवा डोस कमी करतात. जेलपेक्षा इंजेक्शनमध्ये हे जास्त होतं, कारण टोचल्यावर पातळी एकदम वर जाते. अशा वेळी थोडा डोस कमी अंतरानं देणं किंवा जेलवर जाणं हे पर्याय असतात. धूम्रपान आणि झोपेत श्वास अडकण्याचा त्रास यांनीही हा आकडा वाढतो, म्हणून तेही तपासतात. जोरात घोरणं वाढलं असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा.

मूल हवं असेल तर थांबा. ही गोष्ट बऱ्याच तरुणांना माहीतच नसते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूला वाटतं, पुरेसं आहे. तो वृषणांना कामाचा निरोप पाठवणं थांबवतो. शुक्राणू कमी होतात, कधी शून्यावर येतात, वृषणं आकसतात. औषध थांबवल्यावर परत यायला काही महिने, कधी वर्षभर किंवा जास्तही लागतं. मूल होऊ द्यायचं असेल तर हे आधीच सांगा. मेंदूचा निरोप चालू ठेवणारी दुसरी औषधं डॉक्टर देऊ शकतात.

प्रोस्टेट. १९४१ मध्ये चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं की टेस्टोस्टेरॉन कमी केलं तर पसरलेला प्रोस्टेटचा कॅन्सर मागे हटतो. तेव्हापासून हे हार्मोन कॅन्सर करतं अशी भीती बसली. नीट तपासून निवडलेल्या पुरुषांमध्ये तसं दिसलेलं नाही. पण आधीपासून असलेला कॅन्सर वाढू शकतो. म्हणून वय आणि घराण्यातला इतिहास बघून सुरुवातीला आणि नंतर पीएसए तपासतात. लघवीला अडखळत होत असेल तर लपवू नका.

हृदय. २०२३ मध्ये ५,००० हून अधिक पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचं प्रमाण खोट्या औषधाच्या तुलनेत वाढलं नाही. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं आणि फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणं थोडं जास्त दिसलं. छातीत धडधड, अचानक दम लागणं किंवा एका पायाला सूज आली तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

छाती, कातडी आणि घरातली मुलं. टेस्टोस्टेरॉनचा काही भाग चरबीत इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, त्यामुळे छाती दुखू किंवा फुगू शकते. यावर जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून दुसरी गोळी सुरू करू नका, आधी डोस तपासून घ्या. मुरुमं आणि तेलकट कातडीही डोस जास्त झाल्याची खूण असू शकते. जेल वापरत असाल तर लावल्यावर हात साबणानं धुवा, जेल वाळू द्या आणि ती जागा कपड्यानं झाका. ते लेकरांच्या अंगाला लागलं तर त्यांच्यात अवेळी वयात येण्याची लक्षणं दिसू शकतात.

सुरुवात केल्यावर तीन ते सहा महिन्यांत आणि नंतर वर्षातून एकदा तरी रक्ततपासणी, हा साधा नियम. आणि औषध मनानं वाढवू नका, मनानं बंदही करू नका. अचानक थांबवलं तर शरीराचं स्वतःचं उत्पादन सुरू व्हायला वेळ लागतो आणि मधल्या काळात माणूस पार गळून जातो.

शेवटी

ब्राउन-सेकार यांना हसणं सोपं आहे. पण थकलेल्या शरीराला पुन्हा उभारी यावी, ही त्यांची इच्छा आजच्या कुठल्याही पन्नाशीतल्या माणसाची आहे. त्यांच्या रसात औषध जवळजवळ नव्हतं, म्हणून ठणक्यावर निभावलं. आजच्या सुईत खरं औषध आहे. त्यामुळे बरं वाटतंय, एवढ्यावर थांबून चालत नाही. बरं वाटायला त्यांनाही लागलं होतं. आत काय चाललंय ते रिपोर्टमध्ये दिसतं, आणि तो रिपोर्ट वेळेवर काढणं आपल्या हातात आहे.