विश्रांतीच्या हक्काचा पहिला वकील

पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली ते वर्ष 1848. त्याच वर्षी ठाण्यास नारायण मेघाजी लोखंडे यांचा जन्म झाला. हा योगायोगच, परंतु त्या शाळेमागील विचार 1873 मध्ये सत्यशोधक समाजाच्या रूपाने संघटित झाला आणि तो गिरणीच्या दारापर्यंत नेण्याचे कार्य लोखंडे यांनी केले. साप्ताहिक सुट्टी, कामाचे ठरावीक तास आणि वेळेवर पगार या गोष्टी आज नोकरदारास स्वाभाविक वाटतात. त्या कोणास तरी मागाव्या लागल्या होत्या, याचे मात्र विस्मरण होते.

रेल्वे व टपाल खात्यांत नोकरी केल्यावर लोखंडे मुंबईतील एका कापडगिरणीत स्टोअरकीपर झाले. कामगारांचे जिणे त्यांना तेथे जवळून दिसले. विजेचे दिवे येण्यापूर्वी गिरणी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले; म्हणजे उन्हाळ्यात दिवस लांबला की मजुरी न वाढता श्रम तेवढे वाढत. सणाची सुट्टी मिळाली तरी यंत्रे पुसण्यासाठी हजर राहावे लागे. 1880 मध्ये लोखंडे यांनी बंद पडलेले ‘दीनबंधु’ पत्र मुंबईहून पुन्हा सुरू केले आणि या प्रश्नांना वाचा फोडली.

1881 च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास बंदी केली व बारा वर्षांखालील मुलांचे काम नऊ तासांवर आणले. प्रौढ कामगारांसाठी त्यात जवळजवळ काहीच नव्हते. म्हणून सप्टेंबर 1884 मध्ये लोखंडे यांनी मुंबईत कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे 5,500 सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. मागण्या पाच होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार, कायमचे अपंगत्व आल्यास निर्वाहाची सोय. त्यांनी स्थापन केलेल्या ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ला वर्गणीदार सभासद नव्हते, निधी नव्हता, लेखी नियमही नव्हते. तरीही पुढील शंभर वर्षांच्या कामगार कायद्यांचा आराखडा या अर्जात आढळतो.

विरोध केवळ गिरणीमालकांचा नव्हता. फॅक्टरी कायदा म्हणजे देशी गिरण्या बुडविण्याचा लँकेशायरचा डाव, अशी तत्कालीन राष्ट्रीय वृत्तपत्रांची भूमिका होती. लँकेशायरचा स्वार्थ खोटा नव्हता. परंतु परक्याच्या स्वार्थामुळे आपल्या मजुराची भूक व थकवा खोटा ठरत नाही, हे लोखंडे यांनी ओळखले होते.

24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्री कामगारांनीही भाषणे केली. अखेर 10 जून 1890 रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढील वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी व दुपारची विश्रांती बंधनकारक केली. सवलतीपाठोपाठ कायदा यावा लागतो, याचे कारण आर्थिक आहे. एकट्या सज्जन मालकाने यंत्रे थांबविली तर त्याचे नुकसान होते व शेजाऱ्याचा नफा वाढतो; नियम सर्वांस सारखा असेल तरच सज्जनपणा परवडतो. म्हणून असा कायदा प्रामाणिक मालकाचेही संरक्षण करतो.

लोखंडे गिरणीपुरते थांबले नाहीत. केशवपनाच्या रूढीविरुद्ध त्यांनी मुंबईतील नाभिकांस संघटित केले. 1893 च्या दंगलीनंतर हिंदु-मुसलमानांत सलोखा राहावा म्हणून झटले. 1897 च्या प्लेगात रुग्णसेवा करीत असता त्याच रोगाने, पन्नाशीही गाठण्यापूर्वी, त्यांचे निधन झाले.

स्वातंत्र्यानंतर 1948 च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याचे 48 तास आणि जादा कामास दुप्पट दर ठरविला. त्याच वर्षीच्या मुंबई दुकाने व संस्था कायद्याने दुकानातील नोकरासही आठवड्याची सुट्टी दिली. मात्र कायद्याचे छत्र नेहमीच माणसे मोजून उघडले गेले आहे : 1881 मध्ये शंभर कामगारांची अट, 1891 मध्ये पन्नासांची, आणि महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकान कायद्याने दहांपेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापना बहुतेक तरतुदींतून वगळल्या. बुधवार पेठेसारख्या बाजारपेठेत दोन-चार माणसांवर चालणारी दुकाने पुष्कळ असतात. थकवा मात्र हजेरीपटावरील संख्या पाहून येत नाही. लोखंडे यांच्या अर्जातील हा हिशेब अद्याप पुरता चुकता झालेला नाही.