डाव्या हातानं पुरं केलेलं काम : महात्मा जोतीराव फुले

बिंदू चौकात महात्मा जोतीराव फुले आणि बाबासाहेब डॉ. आंबेडकर यांचे पुतळे आहेत. भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने ९ डिसेंबर १९५० रोजी ते बसवले गेले. बाबासाहेब तेव्हा हयात होते. बुद्ध आणि कबीर यांच्याबरोबर बाबासाहेबांनी जोतीरावांना गुरू मानले, हे आमच्या विहारातल्या लहान पोरालाही ठाऊक आहे. जयंतीला आम्ही सारे तिथं जातो, हार घालतो. पण आयुष्याच्या अखेरीस या महात्म्याचं उजवं अंग लुळं पडलं होतं, हे आमच्यापैकी कितीजणांना माहीत आहे?

वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत जोतीरावांचं चरित्र सांगताना आम्ही मुद्दाम तिथंच जरा जास्त थांबणार आहोत. कारण आमची वस्ती कष्टकऱ्यांची. कुणी शिरोलीच्या फौंड्रीत, कुणी इचलकरंजीला यंत्रमागावर, कुणी चपलांच्या कामात, कुणी महापालिकेच्या झाडूवर. हातपाय चालतात तोवर चूल पेटते, अशी आमची गत.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. आई लहानपणीच गेली. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांना वाढवलं. वडील गोविंदराव यांचा फुलांचा आणि बागाईतीचा धंदा. कोल्हापूरकरांना आवडेल अशी गोष्ट म्हणजे जोतीराव तालमीत घुमलेले होते. लहुजी वस्ताद साळवे यांच्याकडे ते दांडपट्टा आणि कसरत शिकले. अंगात रग होती, ती त्यांनी कामात घातली. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंना शिकवून शिक्षिका केलं. १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. हे सगळं करताना पोटासाठी बांधकामाच्या ठेकेदारीचा व्यवसायही केला, त्यामुळं खडी फोडणाऱ्या, चुना मळणाऱ्या मजुरांचे हाल त्यांनी जवळून पाहिले. पुणे नगरपालिकेचे ते १८७६ ते १८८२ या काळात सभासद होते. शहरात दारूची दुकानं वाढू लागली तेव्हा १८८० साली त्यांनी विरोध नोंदवला. दारूनं मजुराची कमाई आणि तब्येत दोन्ही जाते, हे त्यांना कळत होतं.

त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांत काम उभं केलं. त्या वेळी गिरणीत आठवड्याची सुट्टी नव्हती. दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत माणूस यंत्रापुढं उभा. १८८४ साली लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मागण्या मांडल्या. रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, पगार वेळेवर द्या. आणखी एक मागणी होती, ती आम्हाला सर्वांत मोठी वाटते. कामावर इजा झाली तर बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्या माणसाच्या पोटाची सोय व्हावी. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा यायला पुढं १९२३ साल उजाडलं, यावरून ती मागणी किती पुढची होती ते ध्यानात येईल.

मे १८८८ मध्ये मुंबईत जनतेनं जोतीरावांचा सत्कार करून त्यांना महात्मा म्हटलं. त्यानंतर दोनच महिन्यांत, जुलैमध्ये, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. ज्या हातानं दांडपट्टा फिरवला आणि 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तो हात उचलेना. वय एकसष्ट. ठेकेदाराला कसली आली रजा आणि कसलं पेन्शन! घरात पैशाची ओढाताण सुरू झाली. मामा परमानंदांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना मदतीसाठी लिहिलं, यावरूनच परिस्थिती कळते.

अशा वेळी माणूस भिंतीकडं तोंड करून पडतो. जोतीराव पडले नाहीत. मनात एक पुस्तक होतं. ते त्यांनी डाव्या हातानं लिहायला घेतलं. साठी उलटल्यावर डाव्या हाताला अक्षर वळायला लावणं म्हणजे काय, ते ज्यानं करून पाहिलं त्यालाच कळेल. तरीही १८८९ साली 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहून पुरं झालं. याच आजारपणात, फेब्रुवारी १८८९ मध्ये, दत्तक पुत्र यशवंतचं लग्न त्यांनी सत्यशोधक पद्धतीनं लावून दिलं.

पण इथं आम्हाला एक गोष्ट स्पष्ट करायची आहे. जोतीरावांनी हे एकट्याच्या जिद्दीवर केलं नाही. डॉ. विश्राम रामजी घोले यांच्यासारखा मित्र औषधोपचार करत होता. घरात सावित्रीबाई होत्या. आपल्याला मदत लागते, याची लाज त्यांनी धरली नाही.

१० जून १८९० रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. जोतीराव तेव्हा हयात होते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचं निधन झालं. पुस्तक यशवंतनं १८९१ साली छापलं.

आता आमच्याविषयी. आमच्या विहारात रोज वंदनेला येणारे एक काका होते. तीस वर्षं फौंड्रीत राबलेले. झटका आला, उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं. पहिल्या आठवड्यात आम्ही सगळे भेटून आलो. पुढं ते येईनात आणि आम्हीही जाईनासे झालो. दोन वर्षं गेली. विहाराला तीन पायऱ्या आहेत आणि धरायला कठडा नाही, हे त्या दोन वर्षांत एकाच्याही लक्षात आलं नाही. याच शहरात १९८४ पासून अपंगांसाठी संस्था काम करते आहे. २०१६ च्या कायद्यानं अपंगांना हक्क दिले. आणि आम्ही मात्र जोतीरावांचा फोटो भिंतीवर लावून त्याखाली बसत होतो.

म्हणून या वर्षी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पायऱ्यांना कठडा आणि बाजूनं उतार करायचा. महिन्यातून एका रविवारी विहारात रक्तदाब तपासायचा, कारण वाढलेला दाब बहुतेकदा दुखत नाही आणि कष्टकरी माणूस दुखल्याशिवाय डॉक्टरकडं जात नाही. तोंड वाकडं झालं, एक हात गळला, जीभ जड झाली तर सकाळची वाट न बघता त्याच घटकेला सीपीआरला न्यायचं. पहिल्या साडेचार तासांत देता येणारं औषध आज आहे, जोतीरावांच्या काळी नव्हतं. आणि तिसरं, जो घरी पडला आहे त्याच्याकडं दर रविवारी दोघांनी जायचं, नुसती विचारपूस करायला नाही तर काम घेऊन.

काकांकडं आम्ही विहाराची वर्गणीची वही नेली. लिहिता येणार नाही म्हणून त्यांनी आधी मान हलवली. मग वही डावीकडं ओढून घेतली. या वर्षीची पहिली तीन पानं त्यांच्या हातची आहेत. अक्षर वाकडं आहे, पण बेरीज बरोबर आहे.