नर्मदातीरीचा वाडा : पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर

इंदूर, देपालपूर हा माळव्याच्या पठारावरील होळकरांचा सुपीक मुलूख. पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. १७६६ साली श्वशुर मल्हारराव आणि १७६७ साली पुत्र मालेराव निवर्तले. दौलतीची धुरा शिरावर येताच अहिल्याबाईंनी आपला निवास घाटाखाली, नर्मदेच्या खोऱ्यातील प्राचीन महेश्वरी नेला.

राजधानीचा वाडा, पण लाकडी खांबांचा, साधा. एखाद्या सुखवस्तू गृहस्थाचा वाटावा असा. द्रव्य वेचले ते भोवतालच्या वस्तीवर. नदीस घाट बांधले, विणकर आणून वसविले. महेश्वरी लुगड्याचा लौकिक त्यांच्याच मागांवरचा. विद्वान व कारागीर येऊन राहिले आणि त्या नदीकाठास वैभव चढले.

महाजनांनी विशेष ध्यानी घ्यावी ती खासगी. काशीविश्वेश्वराच्या पुनर्निर्माणासारखी धर्मकृत्ये बाईंनी खासगीच्या उत्पन्नातून केली. राज्याच्या महसुलाचा हिशेब निराळा राहिला. खातेवह्यांत हयात घालविलेल्या मजसारख्यास हा निराळेपणा घाटांच्या चिऱ्यांहून भक्कम वाटतो.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांनी महेश्वरीच देह ठेवला. १८१८ साली राजधानी इंदुरास गेली. माग मात्र खाली नदीकाठीच राहिले.