विश्लेषण : फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची खरी कामगिरी कोणती – हातातला दिवा की मृत्यूंचा हिशेब?

रात्री हातात दिवा घेऊन जखमी सैनिकांची विचारपूस करणारी परिचारिका, ही फ्लोरेन्स नाइटिंगेल यांची शाळेच्या पुस्तकापासून ठरलेली ओळख. १२ मे हा त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. मात्र ज्या हिवाळ्यात त्या रात्रंदिवस राबत होत्या, त्याच हिवाळ्यात त्यांच्या रुग्णालयात सर्वाधिक सैनिक दगावले. इतके राबूनही माणसे का मेली, याचा शोध त्यांनी पुढे स्वतःच घेतला आणि त्यातून त्यांची कामाची पद्धतच बदलली.

परिचारिकेचे पाय कशात खर्ची पडत होते?

नाइटिंगेल यांचा जन्म १८२० मध्ये इटलीतील फ्लॉरेन्स शहरात, सधन इंग्रज कुटुंबात झाला. रुग्णसेवा हे त्या काळी घरंदाज मुलींचे काम मानले जात नसे. घरच्यांचा विरोध अनेक वर्षे टिकला. १८५१ मध्ये जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे त्यांनी सुमारे तीन महिने प्रशिक्षण घेतले आणि १८५३ मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील स्त्रियांच्या एका लहान रुग्णालयाची व्यवस्था त्यांच्याकडे आली. रुजू होण्याआधीच त्यांनी काही गोष्टी मागून घेतल्या. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी यावे, जेवण वर पोहोचवण्यासाठी छोटी लिफ्ट असावी आणि कोणत्या रुग्णाने घंटी वाजवली हे परिचारिकेला तिच्याच मजल्यावर दिसावे. ही सोय नसेल तर परिचारिकेचा दिवस जिने चढण्या-उतरण्यातच जातो आणि रुग्णाकडे पाहायला वेळ उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

स्कुटारीत काय घडले?

रशियाविरुद्धच्या क्रिमियन युद्धात ब्रिटिश जखमींचे हाल वृत्तपत्रांतून छापून आल्यावर इंग्लंडमध्ये संताप उसळला. युद्ध खात्यातील मंत्री सिडनी हर्बर्ट यांच्या विनंतीवरून नाइटिंगेल ३८ परिचारिकांना घेऊन निघाल्या. ४ नोव्हेंबर १८५४ रोजी त्या इस्तंबूलजवळच्या स्कुटारी येथील लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. तिथे खाटा, कपडे, पट्ट्या, साबण, सगळ्याचीच टंचाई होती. त्यांनी स्वयंपाकघर उभे केले, कपडे धुण्याची सोय केली, फरशा घासून घेतल्या आणि सामान मिळवण्यासाठी लष्करी कारकुनीशी झगडा केला. सैनिकांच्या घरी पत्रेही लिहिली. त्या दिवसातले वीस-वीस तास उभ्या असत, असे त्या वेळच्या वर्णनांत आढळते. तरीही मृत्यू वाढतच गेले. फेब्रुवारी १८५५ मध्ये तिथले मृत्यूचे प्रमाण सुमारे ४२ टक्क्यांवर पोहोचले होते.

मृत्यू कशामुळे घटले?

मार्च १८५५ मध्ये लंडनहून एक स्वच्छता आयोग आला. त्यात डॉ. जॉन सदरलँड आणि अभियंता रॉबर्ट रॉलिन्सन होते. रुग्णालयाखालची गटारे तुंबलेली होती आणि त्यांची घाण हवा वॉर्डांत शिरत होती. पाण्याच्या वाटेत मेलेला घोडा सापडला. आयोगाने शेकडो हातगाड्या कचरा उचलला, गटारे धुऊन काढली, भिंतींना चुना मारला आणि हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूचे प्रमाण २ टक्क्यांच्या आसपास आले. रोगजंतूंचा सिद्धांत तेव्हा रुजलेला नव्हता. दूषित हवेने रोग होतो, असा समज होता. तरीही घाण हटवण्याचा उपाय लागू पडला. युद्ध सुरू असताना मात्र खुद्द नाइटिंगेल यांनाही वाटत होते, की सैनिक उपासमारीने खंगून, फार उशिरा रुग्णालयात येतात आणि म्हणून मरतात.

आकड्यांनी काय दाखवले?

ऑगस्ट १८५६ मध्ये जाहीर स्वागत टाळून, वेगळ्या नावाने प्रवास करत त्या घरी परतल्या. देशभर त्यांचा जयजयकार चालू होता. त्यांनी मात्र सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांच्यासोबत मृत्यूंच्या नोंदी तपासायला घेतल्या. लढाईत आणि जखमांनी मेलेले ब्रिटिश सैनिक पाच हजारांच्या आत होते, रोगाने मेलेले १६ हजारांवर. यातले बहुतेक मृत्यू टाळता आले असते. सर्वात वाईट आकडे त्यांच्याच रुग्णालयाचे होते. शांततेच्या काळातही इंग्लंडमधील बराकींतले तरुण सैनिक त्याच वयाच्या नागरिकांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात मरत असल्याचे दिसून आले. कोरडे तक्ते मंत्री वाचणार नाहीत, हे ओळखून त्यांनी १८५८ मध्ये रंगीत वर्तुळाकार आलेख काढले. त्यात रोगाने झालेल्या मृत्यूंचा निळा भाग इतका मोठा होता, की तो नजरेतून सुटणे शक्य नव्हते. त्याच वर्षी त्या लंडनच्या सांख्यिकी संस्थेच्या पहिल्या महिला सदस्य झाल्या.

अंथरुणावरून एवढे काम कसे झाले?

क्रिमियात जडलेल्या तापाने त्यांची प्रकृती कायमची खालावली. १८५७ नंतरची अनेक वर्षे त्या बव्हंशी खोलीत, अंथरुणावरच होत्या. समारंभांना त्या गेल्या नाहीत. भेट हवी असेल तर आधी वेळ घ्यावी लागे आणि एका वेळी एकच माणूस आत येई. घरच्यांनाही हाच नियम होता. उरलेला वेळ अहवाल, पत्रे आणि मंत्र्यांसाठीच्या टिपणांना मिळे. १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाच्या निधीतून परिचारिका प्रशिक्षण शाळा सुरू झाली. सर्व रुग्णालयांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवाव्यात, हा प्रस्तावही त्यांनी त्याच वर्षी मांडला. या धडाक्याला दुसरी बाजूही होती. सिडनी हर्बर्ट गंभीर आजारी असतानाही त्या त्यांना कामाला जुंपत राहिल्या. १८६१ मध्ये हर्बर्ट यांचे निधन झाले आणि युद्ध खात्याच्या सुधारणा अर्धवट राहिल्या.

भारताशी संबंध काय?

नाइटिंगेल भारतात कधीच आल्या नाहीत. पण १८५९ मध्ये भारतातील सैन्याच्या आरोग्याची चौकशी करणारा आयोग नेमला गेला, तेव्हा त्यांनी इथल्या छावण्यांना छापील प्रश्नावली पाठवण्याची व्यवस्था केली. पाणी कुठून येते, सांडपाणी कुठे जाते, बराकींत किती माणसे झोपतात, असे साधे प्रश्न त्यात होते. १८६३ च्या अहवालातून ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर दर हजारी ६९ असल्याचे पुढे आले. दहा वर्षांनी तो १८ पर्यंत उतरल्याचे त्यांनी मांडले. पुढे त्यांचे लक्ष छावण्यांकडून खेड्यांच्या आरोग्याकडे आणि सिंचनाकडे वळले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही त्यांचा पत्रव्यवहार होता.

अखेरची इच्छा काय होती?

१९०७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. १३ ऑगस्ट १९१० रोजी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमधील दफनाचा मान त्यांच्या इच्छेनुसार कुटुंबाने नाकारला. ईस्ट वेलो गावातील घराण्याच्या स्मृतिस्तंभावर त्यांच्यासाठी केवळ नावाची आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूच्या तारखा कोरल्या आहेत.