नाव न बदललेला खेळाडू

गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावच्या यात्रेतील कबड्डी सामन्यांत मी तीन दिवस खेळलो. दिवसाला तीनशे रुपये आणि दोन वेळचे जेवण ठरले होते. फक्त नाव माझे नव्हते. त्या गावातल्या एका मुलाच्या नावावर मी मैदानात उतरलो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्या पैशांतून परीक्षेची फी भरली, त्यामुळे मनाला काही टोचले नाही. टोचले ते पुढे, कॉलेजच्या ग्रंथालयात जिम थॉर्प या अमेरिकन खेळाडूची हकीकत वाचल्यावर.

थॉर्पचा जन्म १८८७ सालचा, आज ज्याला ओक्लाहोमा म्हणतात त्या प्रदेशातला. सॅक अँड फॉक्स या तेथील आदिवासी जमातीचा तो मुलगा. जमातीने त्याला दिलेल्या नावाचा अर्थ उजळलेली वाट. वाट मात्र काट्यांची होती. जुळा भाऊ लहानपणीच गेला, पुढे आई गेली, वडील गेले. १९०४ साली तो पेनसिल्व्हेनियातील कार्लाइलच्या निवासी शाळेत दाखल झाला. आदिवासी मुलांचे केस कापून, त्यांची भाषा सोडायला लावून त्यांना गोऱ्यांसारखे करावे, हाच त्या शाळेचा हेतू. तेथून मुलांना मजुरीसाठी गोऱ्यांच्या शेतांवरही पाठवीत. थॉर्पनेही ते काम केले.

१९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यांत तो नॉर्थ कॅरोलिनात रॉकी माउंट येथे लहानशा व्यावसायिक संघाकडून बेसबॉल खेळला. मोबदला किरकोळ होता. त्या काळी कॉलेजची कितीतरी मुले सुट्टीत असे पैसे मिळवीत, पण खोट्या नावाने, कारण हौशी खेळाडूने पैसा घेतला की तो ऑलिंपिकला मुकत असे. थॉर्प मात्र स्वतःच्या नावाने खेळला.

१९१२ साली स्टॉकहोमच्या ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धांत सुवर्णपदके जिंकली. डेकॅथलॉनमध्ये त्याचे ८,४१२ गुण झाले; दुसरा खेळाडू जवळजवळ ७०० गुणांनी मागे राहिला. पण जानेवारी १९१३ मध्ये वर्तमानपत्राने रॉकी माउंटची गोष्ट उघड केली. थॉर्पने काहीही नाकारले नाही. इतरांनी केले तेच मी केले, फरक एवढाच की त्यांनी नावे लपविली, अशा आशयाचे पत्र त्याने लिहिले. तक्रार ३० दिवसांच्या आत व्हावी असा नियम होता. तोही बाजूला ठेवून पदके काढून घेण्यात आली. ज्याच्या घरी चूल पेटण्याची चिंता नाही, त्याला हौशीपणाचा नियम पाळणे सोपे, असे मला येथे वाटले.

आता लपविण्यासारखे काही उरले नव्हते. त्याच वर्षी न्यूयॉर्क जायंट्स या मोठ्या संघाने त्याला घेतले. मैदानाच्या दूरच्या टोकाला उभे राहून उंच चेंडू झेलणारा, म्हणजे आउटफिल्डर, हे त्याचे काम. पाय वाऱ्यासारखे, पण वळणारा चेंडू त्याला नीट खेळता येत नाही, असे म्हणत. पहिल्या वर्षी तो जेमतेम १९ सामने खेळला. बाकी वेळ बाकावर. जगज्जेत्याला पाहायला गर्दी जमे, हाही त्याला घेण्यामागचा हिशेब होता. संघ त्याला कधी खालच्या लीगमध्ये पाठवी, कधी दुसऱ्याकडे देई. १९१७ साली सिनसिनाटीकडून खेळताना शिकागोत एक सामना विलक्षण झाला. नऊ डावांत दोन्ही पिचरांनी एकही यशस्वी फटका मारू दिला नाही. दहाव्या डावात थॉर्पचा चेंडू जेमतेम काही फूट गेला आणि त्यावर विजयाची धाव निघाली.

१९१९ मध्ये बोस्टनकडून ६० सामन्यांत त्याची सरासरी .३२७ होती, म्हणजे दर शंभर संधींत सुमारे तेहतीस यशस्वी फटके. शेवटी जमले, पण मोठ्या लीगमधले ते त्याचे अखेरचे वर्ष ठरले. एकंदर २८९ सामने, सरासरी .२५२. बेसबॉलमध्ये तो साधारण खेळाडूच राहिला, हे मान्य करायला हवे. तरीही नंतर दोन-तीन वर्षे तो लहान शहरांच्या संघांतून खेळत राहिला. अमेरिकन फुटबॉलमध्ये त्याची कीर्ती मोठी होती, पण तिने म्हातारपणाची सोय झाली नाही. मंदीच्या काळात त्याने लॉस एंजेलिसमध्ये कुदळ हाती घेतली, चित्रपटांत किरकोळ भूमिका केल्या. १९५० साली पत्रकारांनी त्याला अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरविले. १९५३ मध्ये तो गेला, पदकांशिवाय. १९८३ साली पदकांच्या प्रतिकृती त्याच्या मुलांना मिळाल्या, तरी विजेतेपद दुसऱ्यांबरोबर वाटून. तो एकटाच विजेता, हे मान्य व्हायला २०२२ साल उजाडावे लागले.

यंदाही यात्रेच्या आधी मला निरोप आला. खेळतो, पण यादीत माझेच नाव लिहा, असे मी कळविले. त्यांनी दुसरा मुलगा घेतला. या वर्षीच्या फीसाठी वडिलांनी उचल घेतली. ती फेडायला मी दिवाळीच्या सुट्टीत गुऱ्हाळावर जाणार आहे. तिथे हजेरीच्या वहीत माझेच नाव लागेल.