आनंदीबाई जोशी इंग्रजी कशा शिकल्या?

कल्याणहून नगरकडे निघालेली एसटी माळशेज घाट चढून ओतूरमार्गे आळेफाट्याला येते. तिथून डावीकडे वळलं की नाशिक रस्त्याने संगमनेर. जुन्नर तालुक्यातून जाणाऱ्या या वाटेच्या एका टोकाला, कल्याणला, आनंदीबाई जोशींचं माहेर. दुसऱ्या टोकाला, संगमनेरला, त्यांचे पती गोपाळराव यांचं मूळ गाव. अमेरिकेतून डॉक्टर झालेली पहिली भारतीय स्त्री म्हणून आनंदीबाई सगळ्यांना माहीत असतात. पण मुळात त्या इंग्रजी कशा शिकल्या?

हा प्रश्न आजही जवळचा आहे. जुन्नर-आंबेगावच्या मराठी शाळांतून बारावी करून पुण्याला कॉलेजात गेलेल्या मुलामुलींना व्याकरण बऱ्यापैकी येतं, गाडी अडते ती शब्दांवर. पाठ केलेली यादी आठवड्यात पुसली जाते. त्यावर एक चांगला उपाय म्हणजे परक्या देशात नव्याने गेलेल्या तरुणांच्या गोष्टी वाचणं. अशा गोष्टीतल्या नायिकेलाही तिथले शब्द ठाऊक नसतात. घरभाडं, कोट, शेगडी, फी, ताप या सगळ्यांशी तिची पहिल्यांदा गाठ पडते आणि तिच्याबरोबर आपलीही. मराठीत श्री. ज. जोशी यांची 1968 ची ‘आनंदी गोपाळ’ ही याच जातीची कादंबरी. आशा दामले यांनी तिचा संक्षिप्त इंग्रजी अनुवादही केला आहे. गोष्ट आधी मराठीत वाचलेली असली की इंग्रजी पानावर दर ओळीला डिक्शनरी उघडावी लागत नाही. खुद्द आनंदीबाईंच्या हाताशी मात्र असं पुस्तक नव्हतं.

त्यांचा जन्म 31 मार्च 1865 चा, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. गोपाळराव पोस्टात कारकून, बिजवर आणि वयाने जवळपास वीस वर्षांनी मोठे. बायको शिकलीच पाहिजे हा त्यांचा हट्ट. एरवी बायको वाचते म्हणून मार खाणाऱ्या बायका त्या काळात होत्या, इथे अभ्यास केला नाही म्हणून मार होता. पुढे अमेरिकेतून नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी हे स्पष्टच लिहिलं: दहाव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारणं, बाराव्या वर्षी अंगावर खुर्च्या आणि पुस्तकं फेकणं, सोडून जाण्याच्या धमक्या. गोपाळरावांना नुसतं थोर सुधारक म्हणून मोकळं होणाऱ्यांनी हे पत्र विसरू नये. त्याच माणसाशिवाय त्या शिकल्या नसत्या, हेही तितकंच खरं.

चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाले नाहीत. डॉक्टर व्हायचं हे तिथून मनात बसलं. पुरुष डॉक्टरपुढे आपलं दुखणं सांगायला बायका तयार नसत आणि स्त्री डॉक्टर तर नव्हतीच.

गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर (बंगालमधलं) अशी गावं बदलत गेली. कोल्हापुरात असताना, 1878 मध्ये, गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकन मिशनऱ्यांकडे मदत मागितली. उत्तराचा रोख धर्मांतराकडे होता, तेव्हा ते बारगळलं. पण हा पत्रव्यवहार अमेरिकेतल्या एका मिशनरी मासिकात छापून आला. 1880 मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे बसल्या असताना त्यांनी तो वाचला आणि पत्र पाठवलं.

इथून आनंदीबाईंचं इंग्रजी बदललं, असं मला वाटतं. तोवर ते नवऱ्याने घेतलेला धडा होतं. आता समोर उत्तराची वाट पाहणारं माणूस होतं. पंधरा वर्षांची मुलगी आपले सण, आपलं जेवणखाण, बालविवाह, बायकांची दुखणी हे सगळं कधी न पाहिलेल्या बाईला समजावून सांगू लागली. हे करून बघा. हळदीकुंकू म्हणजे काय, हे हळदीकुंकू हा शब्द न वापरता इंग्रजीत चार ओळींत लिहायचं म्हटलं तर किती शब्द शोधावे लागतात ते कळेल. जवळपास तीन वर्षं पत्रं जात-येत राहिली. कार्पेंटरबाई त्यांच्या ‘मावशी’ झाल्या.

24 फेब्रुवारी 1883 ला श्रीरामपूरच्या कॉलेजात त्या इंग्रजीतून बोलायला उभ्या राहिल्या. अमेरिकेला का जाते, एकटीच का जाते, परत आल्यावर जात वाळीत टाकेल त्याचं काय, असे लोक विचारत असलेले प्रश्न त्यांनी स्वतःच मांडले आणि एकेकाचं उत्तर दिलं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हेही सांगून टाकलं. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या बोटीत बसल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. वय अठरा. सोबत नवरा नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तीन वर्षांसाठी 600 डॉलरची शिष्यवृत्तीही. आता शब्द वेगळेच होते: हाडांची, शिरांची, रोगांची नावं, आणि परीक्षा त्यातच. थंडी सोसेना, खाण्याचे हाल, अंगावर लुगडं, प्रकृती ढासळत चाललेली. तरी प्रबंधासाठी त्यांनी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा, आणि संस्कृत ग्रंथांतली माहिती अमेरिकन पाठ्यपुस्तकांच्या शेजारी नेऊन ठेवली. पत्रांतून घरचं जग इंग्रजीत मांडायची झालेली सवय इथे कामाला आली असणार. 11 मार्च 1886 ला पदवी मिळाली. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा त्यांच्यासाठी ठरली होती. पण त्या परतल्या त्या क्षय घेऊन. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या, बाविसावं वर्ष पुरं व्हायला महिनाभर बाकी असताना. ज्या बायकांसाठी ते सगळे शब्द शिकल्या, त्यांतल्या एकीलाही कोल्हापूरच्या त्या विभागात तपासायला मिळालं नाही.

त्यांच्या अस्थी गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्या ठेवलेल्या आहेत. वर दगड आहे आणि शिक्षणासाठी भारताबाहेर पडलेली पहिली ब्राह्मण स्त्री अशी त्यांची ओळख त्यावर इंग्रजीत कोरलेली आहे.